दादाचा जबाब

माझा भाऊ तुरुंगातून सुटून आला तेव्हा आईने त्याला आधी घरात येऊ दिलं नाही. स्टेशनवरून निघालेली रिक्षा तिने परस्पर राजघाटाकडे वळवायला लावली. "आधी तापीत डुबकी मार, मग घर," ती म्हणाली. बोलण्यात राग नव्हता. तो आत होता तेवढा सगळा काळ ती या एका डुबकीचीच वाट बघत होती, असं मला वाटलं. घाटावर सकाळची वर्दळ होती. बायका कपडे आपटत होत्या, कुणी अर्घ्य देत होतं. दादा पायऱ्या उतरला आणि पाण्याजवळ जाऊन थांबला. अंगातला शर्ट काही काढेना. आईने नवा साबण आणला होता, तो त्याच्या हातात दिला. तो शर्टासकट पाण्यात शिरला, नाक धरून डुबकी मारली आणि बाहेर आला. साबण लावलाच नव्हता, तो तसाच मुठीत होता. घरी पोचेपर्यंत त्याने तो सोडला नाही. मी घ्यायला हात पुढे केला तर मूठ आणखी आवळली गेली. मग स्वतःच ओशाळला आणि साबण माझ्या हातावर ठेवला.

"आदत पडली, छोटी," म्हणाला. "तिथं साबण खाली ठेवला की गेला."

दादाचं काय झालं होतं ते थोडक्यात सांगते. तो केळीची पिकअप चालवायचा. गावोगावच्या मळ्यांतून घड भरायचे आणि लिलावाच्या जागी आणून खाली करायचे, हे त्याचं काम. एकदा कुणाची गाडी आधी लागणार यावरून तिथे भांडण पेटलं. माणसं एकमेकांच्या अंगावर गेली आणि त्या रेटारेटीत एक हमाल मागच्या मागे पडला. त्याचं डोकं गाडीच्या फाळक्यावर आपटलं आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. पोलिसांनी जे हाती लागले त्यांना उचललं. दादा हाती लागला, कारण तो पळाला नव्हता. त्या हमालाला दवाखान्यात न्यायला गाडी काढत होता. जमानत झाली नाही. पुढे इथल्या तुरुंगात जागा नाही म्हणून त्याला दुसऱ्या जिल्ह्यातल्या मोठ्या तुरुंगात हलवलं. त्या तुरुंगाचं नाव मी इथे घेणार नाही. खटला रखडत गेला. शेवटी कुणी कुणाला ढकललं हे एकाही साक्षीदाराला सांगता येईना, आणि सगळे सुटले.

बुऱ्हाणपुरातल्या आमच्या लोधीपुऱ्यात सगळे म्हणत, "सुटला बरं का." निर्दोष ठरला असं कुणीच म्हणालं नाही. मला त्याची चीड यायची. एकदा मी ती दादापुढे काढली.

"माझा हात त्याला लागला की नाही, मलाच माहीत नाही," तो म्हणाला. "सगळ्यांचेच हात होते तिथं."

त्या हमालाचं घर ज्या रस्त्याला होतं, तो रस्ता दादाने कायमचा सोडला. बाजारात जायचं तरी लांबून वळसा घालून जायचा.

सुटून आलेला माणूस घरात परत रुजतो कसा, हे मी तोवर फक्त वाचलं होतं. दादा ताटाभोवती डावा हात धरून जेवायचा. ताट समोरून कुणी ओढून नेईल अशी ती बसण्याची तऱ्हा. आई एकदा म्हणाली, "अरे, कोणी नाही नेत रे तुझं," आणि स्वयंपाकघरात जाऊन रडली. दाराला आतून कडी लावली की त्याचा जीव घाबरायचा, म्हणून तो ओसरीत झोपू लागला. डाव्या बाजूने हाक मारली तर त्याला ऐकू येत नसे. आईने विचारलं तेव्हा म्हणाला, अंघोळीचं पाणी गेलं कानात. आईने गरम तेल घातलं. तो निमूटपणे मान कलती करून बसला, पण तेलाने काही व्हायचं नाही हे त्याच्या चेहऱ्यावर मला दिसत होतं.

पिकअपच्या मालकाने दुसरा ड्रायव्हर ठेवला होता. पॉवरलूमच्या कारखान्यात ओळखीने शब्द टाकला, तिथे म्हणाले दिवाळीनंतर बघू. लोक तोंडावर वाईट बोलत नसत. चहा पाजत, आईची विचारपूस करत आणि मग काम नाही म्हणत. शेवटी केळी पिकवायच्या एका कोल्ड स्टोअरेजमध्ये क्रेट उचलायचं काम मिळालं. दादा त्यातही खूश होता. "थंड असतं तिथं," एवढंच म्हणाला.

मी इथल्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवते, अतिथी विद्वान म्हणून. म्हणजे दर वर्षी नेमणूक, दर वर्षी धाकधूक. दादा आत असतानाच इंदूरच्या एका प्राध्यापक बाईंच्या अभ्यासात मी सामील झाले होते. तुरुंगातली राहणी, आतल्या माणसाची सुरक्षितता आणि सुटल्यावर त्याचं काय होतं, असा विषय होता. आम्ही त्यांना मॅडमच म्हणायचो. माझा भाऊ आत आहे हे मी त्यांना पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, "मग तू त्याच्या तुरुंगात जाणार नाहीस. बाकीच्या ठिकाणी चालेल." ते योग्यच होतं.

परवानगी काढून आम्ही दोन-तीन तुरुंगांत गेलो. तिथे ऑफिसात खुर्च्या मांडून ठेवलेल्या असत. बंद्यांना एकेक करून आणत आणि दाराशी शिपाई उभा राही. जेवण कसं असतं? चांगलं असतं. डॉक्टर येतात? येतात. कुणी मारहाण करतं? नाही मॅडम. उत्तर देताना प्रत्येकाची नजर माझ्या खांद्यावरून मागे, दाराकडे जायची. एकाला मी विचारलं, रात्री झोप लागते का? तर त्याने आधी शिपायाकडे बघितलं आणि मग मला म्हणाला, "लागते."  नंतर त्यांनी ठरवलं की सुटलेल्या माणसांशी त्यांच्या घरी जाऊन बोलायचं.

मी दादाला विचारलं होतं, तू बोलशील का? त्याने नकारार्थी मान हलवली. मी पुन्हा विषय काढला नाही.

उन्हाळा लागला तेव्हाची गोष्ट. रविवार होता. मी ओसरीत कागद पसरून बसले होते आणि दादा भिंतीला टेकून केळीच्या क्रेटने सोललेले हात खोबरेल लावून चोळत होता. आई शेजारी हळदीकुंकवाला गेली होती. अचानक त्याने विचारलं,

"तुम्ही लोक सुटून आलेल्यांनाच विचारता ना?"

"हो."

"आणि जे आतच मेले त्यांचं?"

 मी म्हणाले, त्यांच्या घरच्यांना विचारता येईल, पण आमच्या अभ्यासात ते धरलेलं नाही.

"घरच्यांना कुठं माहीत असतं," तो म्हणाला, आणि मग सांगू लागला.

त्याच्या बॅरेकमध्ये चांदनीचे एक म्हातारे बाबा होते. शेताच्या बांधावरून पुतण्याशी मारामारी झाली, त्यात आत आलेले. चांदनी म्हणजे आमच्याकडून नेपानगरच्या वाटेवर, आगगाडी थांबते ते गाव. इतक्या लांबच्या तुरुंगात आपल्या बोलीचं माणूस भेटलं म्हणून दोघांचं जमलं. बॅरेकमध्ये माणसं इतकी होती की रात्री सगळे एका कुशीवर झोपत. कूस बदलायची तर शेजारच्याला सांगून बदलायची. नवा आलेला संडासाच्या तोंडाशी. बॅरेकवर एक नंबरदार असतो. तो शिपाई नसतो, जुना शिक्षा झालेला कैदीच असतो, त्याला बाकीच्यांवर देखरेखीला नेमलेलं असतं. कोण कुठे झोपेल, पाणी कोण आधी भरेल, सगळं त्याच्या मर्जीवर. बाबांना दम्याचा त्रास होता. त्यांना खिडकीजवळची जागा हवी होती. ती मिळाली नाही, तेव्हा दादाने आपली त्यातल्या त्यात बरी जागा त्यांना दिली.

"दुपारी जेवण झालं की बॅरेकला कुलूप लागतं," दादा सांगत होता. "ऊन उतरलं की उघडतं. मे महिना होता, छोटी. पत्रा तापलेला. बाबांना धाप लागली. आधी रोजची वाटली. मग ओठ काळे पडायला लागले. मी म्हणालो, नंबरदार, आवाज दे शिपायाला. तो म्हणाला, दुपारी साहेब चिडतात, बुढ्याची रोजची नाटकं आहेत. मग मी ताट घेतलं आणि गजावर वाजवायला लागलो. आमच्यातला एक न्हावी होता, शाहपूरकडचा, तोही वाजवायला लागला. आणखी दोघं-तिघं. बाहेरून कोणीतरी ओरडलं, चूप. नंबरदाराला ते झोंबलं. त्याने आणि त्याच्या माणसांनी मला धरलं." त्याने डाव्या कानाला हात लावला. "इथं बसला फटका. शिट्टी वाजल्यासारखं झालं, मग काहीच नाही. मी खाली पडलो तो बाबांच्या बाजूलाच. त्यांचा हात माझ्या हातात होता. कुलूप उघडलं तेव्हा गार पडला होता."

"मग?"

"मग चादरीत घालून घेऊन गेले. संध्याकाळी ऐकलं, दवाखान्यात नेल्यावर गेले. दुसऱ्या दिवशी तेच सगळ्यांना पाठ करायला लावलं. काही दिवसांनी चौकशीला मॅजिस्ट्रेट आले. मला विचारलं. मी पण तेच सांगितलं."

घरात पंखा फिरत होता. आई परत आली, कुंकवाचं बोट दादाच्या कपाळाला लावायला वाकली, आणि आमचे चेहरे बघून तशीच थांबली. आम्ही तिला काही सांगितलं नाही.

दोन दिवसांनी दादा म्हणाला, "चांदनीला जायचंय. त्यांच्या घरी. एकट्याने जमणार नाही, तू चल."

माझं मन तयार नव्हतं. मी त्याला म्हणाले, त्या बाईने सगळं करून-सावरून आता कुठे डोळे पुसले असतील. नवरा दवाखान्यात गेला असं तिला वाटतंय, तर वाटू दे ना. हे सांगून तिला काय मिळणार?

"काही नाही मिळणार," तो म्हणाला. "पण तिचं आहे ते. माझ्याकडे कशाला ठेवू?"

पॅसेंजरने आम्ही चांदनीला उतरलो. विचारत विचारत गेलो तर घर लगेच सापडलं. मातीच्या भिंतींना नवं सारवण होतं आणि अंगणात मागच्या वर्षीच्या कापसाच्या पऱ्हाट्या रचलेल्या होत्या. बाबांची बायको दारातच तूर पाखडत बसली होती. साठीची, काटक बाई. मुलगी-जावई जवळच राहत होते, पण तेव्हा ती एकटीच होती. दादाने तिला हात जोडले आणि म्हणाला, "मावशी, मी बाबांच्या संगे होतो. तिथं."

तिने सूप खाली ठेवलं. आम्हाला आत बसवलं, पाणी दिलं, आणि समोर बसली. दादाने सांगायला सुरुवात केली. मला वाटलं होतं तो मध्येच अडखळेल, पण त्याने सगळं सांगितलं. कुलूप, ऊन, गजावर वाजवलेली ताटं, चादर. फक्त स्वतःला पडलेला मार त्याने गाळला.  पदर तोंडाला लावलेला, डोळे दादाच्या तोंडाकडे.

तो थांबल्यावर ती म्हणाली, "मले तर सांगतलं का दवाखान्यात गेले. बाई होती म्हने जवळ, नर्स. आरामात गेले म्हने."

"नाही, मावशी."

"पानी मांगतलं का त्यायनं?"

"मागितलं. माझ्या डब्यात थोडं होतं. ओठ ओले केले. गिळवत नव्हतं त्यांना."

"मंग तू पाजलं."

"ओठ ओले केले," दादा पुन्हा म्हणाला. त्याला त्यापेक्षा जास्त काही स्वतःकडे घ्यायचं नव्हतं.

ती हलकेच रडली. मी तिच्याजवळ सरकले. काही वेळाने तिने डोळे पुसले आणि दादाच्या डाव्या बाजूला बसून काहीतरी विचारलं. दादाला ते ऐकू गेलं नाही. तिने माझ्याकडे बघितलं. मग मला सांगावं लागलं, त्याचा कान कसा गेला ते. दादाने मला नजरेने दटावलं, पण मी थांबले नाही. तिने हात लांब करून त्याच्या कानाला बोटं लावली, लहान पोराच्या लावतात तशी.

"मायासाठी तं कोनी ताट वाजवलं नसतं," ती म्हणाली. आणि मग अगदी वेगळ्या, व्यवहारी आवाजात: "हे तू साहेबापुढं बोलशीन का?"

मी घाईघाईने म्हणाले, मावशी, ते इतकं सोपं नाही. पण ती माझ्याशी बोलतच नव्हती.

परतीच्या गाडीत दादा दाराजवळ उभा राहिला.  पुढचे कितीतरी दिवस तो कामावर जायचा, यायचा, जेवायचा, आणि ओसरीत पडून राहायचा. मला त्याची भीती कळत होती. पोलीस, नंबरदाराची बाहेरची माणसं, हे तर होतंच. पण त्याला जास्त घोर होता त्या न्हाव्याचा. तो अजून त्याच बॅरेकमध्ये होता. "मी इथं तोंड उघडलं की मार तिथं त्याला बसणार," दादा म्हणाला.

मी मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, आपल्या अभ्यासात हे निनावी घेता येईल, ‘एका सुटलेल्या बंद्याने सांगितलं’ असं. कुणाला धोका नाही. मी हो म्हणाले आणि फोन ठेवला. पण चांदनीच्या त्या बाईला असा निनावी माणूस काय कामाचा? तिला साहेबापुढे उभा राहणारा माणूस हवा होता, नावानिशी. मी या दोन्ही गोष्टींच्या मध्ये अडकले होते. भाऊ माझा होता, आणि विषयही माझाच होता. त्या दिवसांत मला कॉलेजात वर्गावर शिकवताना आपलेच शब्द परके वाटायचे.

मॅडमच्या ओळखीच्या एका वकीलबाई होत्या, गरिबांचे खटले फुकट लढवणाऱ्या. त्यांनी कागद काढून बघितले. चौकशी अजून बंद झालेली नव्हती. बाबांच्या बायकोला एकदा बोलावणं गेलं होतं, पण ते कशाचं हे तिला कुणी समजावलंच नव्हतं, म्हणून ती गेली नव्हती. वकीलबाईंनी आधी न्हाव्यासाठी अर्ज केला, त्याला दुसऱ्या बॅरेकमध्ये ठेवावं म्हणून. तो मंजूर झाल्याचं कळलं तेव्हा दादाने मला सांगितलं, "बोलतो मी."

आईला हे सांगायची वेळ आली. ती पोळ्या लाटत होती. लाटणं खाली ठेवून माझ्याकडे वळली, दादाकडे नाही. "तुझ्या त्या अभ्यासापायी हे चाललंय," ती म्हणाली. "एकदा सुटला तो पोरगा. पुन्हा त्या दारात नेऊन उभा करतेस?"  दादा म्हणाला, "आई, ती नाही नेत. मी जातोय." आई त्या दिवशी जेवली नाही.

मॅजिस्ट्रेटच्या कोर्टात आम्ही चौघं होतो. दादा, मी, वकीलबाई आणि बाबांची बायको. ती नवं लुगडं नेसून आली होती, कपाळ मोकळं. मला आत घेतील की नाही शंका होती, पण दारातल्या बाकावर बसू दिलं. आतलं सगळं ऐकू येत होतं. मॅजिस्ट्रेट तरुण होते, आवाज शांत. दादाने आधी दिलेला जबाब त्यांनी वाचून दाखवला. मग विचारलं,

"हे तुम्हीच सांगितलं होतं ना? आता दुसरं सांगताय. तेव्हा का नाही बोललात?"

दादाने बराच वेळ घेतला. मला वाटलं, डाव्या कानामुळे प्रश्न ऐकू गेला नसावा. मी उठणार एवढ्यात तो बोलला.

"साहेब, जबाब देऊन झाल्यावर तुम्ही घरी गेले. मला संध्याकाळी त्याच बॅरेकमध्ये जायचं होतं."

टाइप करणारा माणूस थांबला होता. मॅजिस्ट्रेट म्हणाले, "लिहा. जसं बोलले तसं लिहा."

जबाब संपेपर्यंत दुपार झाली. नंतर बाबांच्या बायकोचा झाला, छोटासाच. बाहेर आल्यावर तिने पिशवीतून भाकरी आणि मिरचीचा ठेचा काढला. आम्ही कोर्टाच्या आवारात लिंबाखाली बसून खाल्लं. दादाने त्या दिवशी भाकरी मांडीवर ठेवून खाल्ली, दोन्ही हात मोकळे. 

याचं फळ लवकर मिळालं, पण ते आम्हाला हवं होतं तसं नाही. महिना उलटायच्या आत लोधीपुऱ्यातून एक मोटरसायकल चोरीला गेली आणि ठाण्यातून दोघं दादाला घ्यायला आले. नुसती पूछताछ आहे, म्हणाले. सकाळी नेलं, दिवस मावळताना सोडलं. हात लावला नाही, बाकावर बसवून ठेवलं फक्त. त्या मोटरसायकलशी त्याचा काही संबंध नव्हता हे त्यांनाही माहीत होतं. जबाबाशी याचा संबंध होता का? मला सांगता येत नाही. सुटून आलेल्या माणसाला असं नेऊन बसवतात हे मी डझनभर घरांत ऐकलं होतं, त्यांनी कुठेच जबाब दिलेला नव्हता. पण कोल्ड स्टोअरेजच्या मालकाला बातमी कळायची ती कळलीच. त्याने दादाला बोलावून, चहा पाजून, उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं.

त्या संध्याकाळी आई माझ्याशी भांडली नाही. तेच जास्त लागलं. तिने दादाच्या पाठीवरून हात फिरवला आणि मला म्हणाली, "तू तुझं लिहीत राहा." टोमणा होता की परवानगी, मला आजही ठरवता येत नाही.

चौकशीचा अहवाल वर गेला आहे असं वकीलबाई सांगतात. उपचाराला उशीर झाला असं त्यात म्हटल्याचं त्यांच्या कानावर आलं आहे. त्या नंबरदाराचं ते काम काढून घेतलं, एवढं पक्कं. कुणा अधिकाऱ्यावर काही झालं का, ते कळलेलं नाही. बाबांच्या बायकोच्या हाती अजून काहीही आलेलं नाही. न्हाव्याला पुढे आणखी लांबच्या तुरुंगात पाठवलं. ते त्याच्या भल्यासाठी की शिक्षा म्हणून, याचं उत्तर आम्हाला कुणी दिलं नाही. दादा त्याच्या बायकोला शाहपूरला जाऊन भेटला. ती दारातूनच म्हणाली, "आता त्यांच्या मुलाकातीला जाणं-येणं मला परवडत नाही, एवढं लांब केलं तुम्ही." दादा हे ऐकून घेऊन परत आला. ही एक गोष्ट त्याने मला फार उशिरा सांगितली.

दादा आता बुऱ्हाणपुरात राहत नाही. खकनारकडे एका मळेवाल्याचा ट्रॅक्टर चालवतो, तिथेच मळ्यावरच्या खोलीत राहतो. मालकाला सगळं माहीत आहे, दादाने स्वतःच पहिल्या दिवशी सांगितलं. कानाचं ऑपरेशन होऊ शकतं असं डॉक्टर म्हणाले, पण तो टाळतो. महिन्यातून एकदा घरी येतो. आई त्या दिवशी सकाळपासून दारात असते.

आमच्या अभ्यासाचा अहवाल लिहून होत आला. त्यात मी दादाची गोष्ट घातली नाही. मॅडम म्हणाल्या, घालायला हरकत नव्हती. मला मात्र ते जमलं नाही. तिथे वाक्यं अशी लिहावी लागतात की त्यात कुणाचाच आवाज राहत नाही.

गेल्या पितृपक्षात बाबांच्या बायकोने दादाला जेवायला बोलावलं. जाऊ की नको, असं करत तो गेला. पंगत बसली, आणि हा तुरुंगातून सुटलेला हे कळल्यावर तिच्या दिरांकडची काही माणसं पानावरून उठली. दादाही उठायला लागला. मावशीने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं आणि त्याच्या पानात खीर वाढली. उठलेल्यांना तिने थांबवलं नाही, की त्यांच्याशी वादही घातला नाही. जावई दादाच्या शेजारी येऊन बसला.

दादाने मळ्यावर पोचल्यावर फोन करून मला हे सांगितलं. मी विचारलं, तू जेवलास ना नीट?

"अर्ध्याहून जास्त माणसं बसून राहिली, छोटी," तो म्हणाला. "मी मोजली नाहीत. पण बसून राहिली."